आधी नाव, मग माती, मग सौरपंप
(केडगाव येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अकोल्याहून तुम्ही यष्टीनं इथवर आलात. वाटेत प्रवरेच्या कालव्यावरचा ऊस बघितला असेल. ते पाणी भंडारदऱ्याचं. धरण 1926 ला पुरं झालं, आता शंभर वर्षं होत आली. घाटघरला पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. इथं केडगावला सहाशेच्या आत-बाहेर. तरी उन्हाळ्यात हंडा घेऊन दरी उतरते ती आपली बाई. पाऊस आपल्याकडं पडतो आणि थांबतो दुसरीकडं. म्हणून आज शेतीचं आणि सूर्याच्या विजेचं एकत्र बोलायचं आहे.

गावोगाव सौरपंपाची चर्चा आहे. 2024 साली राज्य सरकारनं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. अडीच एकरापर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरापर्यंत 5 चा. अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं किमतीचे 5 टक्के भरायचे, बाकीच्यांनी 10. बिल नाही. रात्रीच्या पाळीच्या विजेसाठी बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन शेतात जाणं नाही. चांगली गोष्ट आहे, ती घ्यायचीच. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा, आणि क्रमानं ठेवा.

पहिली गोष्ट, नाव. अर्जाला सातबारा मागतात. आपल्यातल्या कितीकांकडं वनपट्टा आहे, पण सातबाऱ्यावर नोंद नाही. तिथंच अर्ज अडतो. साहेब म्हणतात, बसत नाही. आपण काय म्हणायचं? वनहक्क कायदा 2006 चा. त्याचे नियम 2012 ला सुधारले. त्यात लिहिलंय की हक्क मिळाल्यावर त्याची नोंद महसूल आणि वन खात्याच्या दफ्तरी करायची, आणि त्याला जास्तीत जास्त तीन महिने. नियम 16 सांगतो की पट्टाधारकाला जमीन सुधारणेच्या, उत्पादन वाढीच्या, उपजीविकेच्या सगळ्या सरकारी योजना पोचवणं हे सरकारचं काम आहे. म्हंजे नोंद मागणं ही विनंती नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं असतो, तेव्हा अर्जातही बाईचं नाव मागे राहता कामा नये.

दुसरी गोष्ट, माती. पंप पाणी उपसतो, पाणी तयार करत नाही. योजनेतही विहीर, बोअर, शेततळं असा पाण्याचा आधार असल्याशिवाय पंप मिळत नाही. आपली जमीन उताराची. पहिल्या दोन सरीत माती ओढ्याला जाते. म्हणून आधी बांध घाला. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला भातखाचरात तुडवा. राबासाठी डोंगरावरचा पाला तोडून जाळतो, तेवढा तरी वाचेल. नाचणीच्या जोडीला उडीद, तूर ठेवा. काड, पेंढा, पाचोळा पेटवू नका, झाडाच्या बुडाशी पसरा. अशी माती पाणी धरते, विहिरीला पाझर राहतो. बियाणंही आपलंच ठेवा. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, त्यांना 2020 ला पद्मश्री मिळाली. दुकानाच्या पिशवीवाचून शेती होते, हे आपल्याच तालुक्यातल्या बाईनं दाखवलं.

तिसरी गोष्ट, पंप कोणाच्या हुकमात. बिल नाही म्हणून ऊन आहे तोवर पंप चालू ठेवला, तर विहीर तळाला जाईल. शेजाऱ्याचीही जाईल. इथून जवळ हिवरेबाजार आहे. तिथले पोपटराव पवार, तेही त्याच 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत. त्या गावात शेतीसाठी बोअर घेत नाहीत, ऊस-केळी लावत नाहीत. दरवर्षी ग्रामसभा पाण्याचा हिशेब मांडते आणि कोणतं पीक घ्यायचं ते ठरवते. पाऊस आपल्यापेक्षा किती कमी! आपण तीन-चार घरांत एक विहीर, एक पंप, ठरलेली बारी असं करू शकतो. पाणी ठिबकनं द्यायचं. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा.

आणि एक इशारा. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये सरकारनं गावाला द्यायच्या 13 सोयी आहेत. शाळा, अंगणवाडी, पाण्याची तळी, आणि अपारंपरिक ऊर्जाही. प्रत्येक कामाला एक हेक्टरच्या आत वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. हा गावाचा रस्ता. दुसरा रस्ता कंपनीचा आहे. भीमाशंकरच्या बाजूला पवनचक्क्यांसाठी वनजमीन गेली. माधव गाडगीळ समितीनं 2011 च्या अहवालात लिहिलं की लोकांना त्यांच्याच डोंगरावर जायला अडवलं जातं. वीज स्वच्छ होती, व्यवहार स्वच्छ नव्हता. उद्या सौर प्रकल्पाच्या नावानं कोणी मोजणीला आलं, तर आधी विचारा: ग्रामसभेचा ठराव कुठं आहे?

आता घरी गेल्यावर करायची कामं सांगतो. दर पाड्यानं पट्टा आहे पण नोंद नाही अशा घरांची यादी करायची. तो ठराव ग्रामसभेत घेऊन तहसीलदारांना द्यायचा आणि पोच घ्यायची. तोंडी उत्तर घेऊ नका, लेखी मागा. पावसाच्या आधी बांधाची कामं रोजगार हमीत मागायची. पंपाचे अर्ज एकेकट्यानं नाही, पाड्यानं मिळून भरायचे. पुढच्या बैठकीला येताना यादी आणि पोच घेऊन या, त्यावरच पुढचं ठरवू.

जोहार! जल, जंगल, जमीन आमची!