दौलताबादची दुपार

नातवंडांना किल्ला दाखवायचा तर हिवाळ्यात न्यावे, हे मलाही ठाऊक आहे. पण लेकीची पोरं पुण्याहून आमच्याकडे जालन्याला येतात ती मे महिन्यात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. पहाटे निघायचे ठरले होते. डबा, टोप्या, बाटल्या करता करता दौलताबादच्या महाकोटाच्या दरवाजाशी पोचलो, तेव्हा अकरा वाजून गेले होते. दगडाला हात लावला तर चटका बसत होता.

बी.ए.ला इतिहास होता, तो मला नातवंडांपुढे मिरवायचा होता. यादवांची देवगिरी, १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीहून इथे हलवलेली राजधानी, गडावर कैदेत राहिलेला गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशहा, सगळे सांगत होतो. पोरांनी त्यातली एकच गोष्ट धरली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने वेढा दिला, तेव्हा धान्य समजून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी कथा आहे.

"नुसतं मीठ? मग केवढी तहान लागली असेल!" असे म्हणून थोरलीने आपली बाटली संपवली. हत्ती हौदापाशी पोचेतो बाकीच्याही रिकाम्या झाल्या. डोंगरातून खापरी नळांनी पाणी आणणाऱ्या त्या जुन्या लोकांचे कौतुक मी अगदी कोरड्या घशाने केले.

हौदाच्या पुढे खांबांचा मोठा दालनवजा मंडप आहे. तिथल्या सावलीत टेकलो.

"नाना, ही मशीद आहे की देऊळ?" धाकट्याने विचारले.

खांब जुन्या देवळांचे, १३१८ मध्ये खिलजी सुलतान कुतुबुद्दीन मुबारकच्या काळात त्यांची मशीद झाली, हैदराबाद संस्थान भारतात आल्यावर इथे भारतमातेची मूर्ती बसली. मी सरळ सांगून टाकले.

"मग आपली की त्यांची?"

सहा वर्षांच्या पोराच्या तोंडी 'त्यांची' हा शब्द आला कुठून? शाळेतून, गल्लीतून, की मुलं झोपली असे समजून आम्ही मोठी माणसे रात्री बोलत बसतो त्यातून? एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच गडाचे किल्लेदार होते, आणि परंपरा त्यांचे गुरू म्हणून चांद बोधल्यांचे नाव घेते. हे मी कविसंमेलनांत अनेकदा सांगितले आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. त्या दिवशी मात्र जीभ उचलेना. "सांगतो," एवढेच म्हणालो, आणि त्याच्या सदऱ्यावर रक्ताचा थेंब पडला. घोळणा फुटला होता.

मी घाबरून त्याची मान मागे टाकली. शेजारच्या खांबाशी एक कुटुंब जेवत बसले होते. त्यातली लुगड्यातली आजी उठून आली.

"बाबा, मान मागं नका टाकू. पुढं वाकवा, नाक चिमटीत धरा."

तिने आपल्या थर्मासमधले पाणी पदरावर ओतले आणि तो त्याच्या डोक्यावर धरला. उरलेले दोघांना पाजले. दहा मिनिटांनी रक्त थांबले, मग तिने मला फैलावर घेतले.

"एवढ्या उन्हात लेकरं आणत असत्यात का? कुठलं गाव म्हणायचं?"

"जालना."

"मग ऊन काय नवं हाय का तुम्हाला!"

आम्ही तिथूनच परत फिरलो. चाँदमिनार लांबून पाहिला. खंदक, अंधेरी, त्यातली वटवाघळे राहिली म्हणून धाकटा रुसला. दरवाजाबाहेर काकडी घेऊन दिली, तेव्हा जरा खुलला. मंडपातला प्रश्न त्याने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, आणि ते मला अजून सलते.

एसटीत खिडकीशी बसून थोरली काकडीवरचे मीठ चाटत होती.

"नाना, त्या मिठाच्या पोत्यांचं त्यांनी पुढे काय केलं?"