मुलांनी सांगायचे कुणाला?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सायखेडे येथे केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच, भाषणाची सवय नाही. तरी शाळेतल्या एका गोष्टीविषयी बोलावे असे बरेच दिवस मनात होते.

राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी २५ जुलै २०२५ रोजी शाळेचे छप्पर कोसळून ७ मुले गेली. वरून खडे पडताहेत असे आम्ही आधीच सांगितले होते, पण आम्हालाच गप्प बसवले, असे वाचलेल्या मुलांनी सांगितल्याचे वर्तमानपत्रांत आले. हे दूरचे म्हणून सोडू नका. शेजारच्या नगर जिल्ह्यात निंबोडीला २०१७ च्या ऑगस्टात शाळेचे छत पडून ३ मुले दगावली.

धोका आधी मुलांनाच दिसतो. तपासणीचे साहेब येतात आणि जातात. मूल रोज त्याच भिंतीला टेकून बसते. मग ते बोलत का नाही? माझी धाकटी एकदा मी भाकऱ्या थापत असताना सहज म्हणाली, "आई, वर्गातल्या पंख्याच्या बटणाला हात लावला की मुंग्या येतात." बाईंना सांगितलेस का, म्हटले तर म्हणे, "सांगितलं तर तूच मोडलंस म्हणतील." मी दोन फेऱ्या मारल्या तेव्हा बटण बदलले. पण साऱ्या वर्गाला ते ठाऊक होते आणि एकही मूल बोलले नव्हते!

शाळेत तक्रारपेटी असावी असे शासनाने २०१७ सालीच सांगितले आहे. २०२४ च्या ऑगस्टात बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा पुन्हा बजावले. पण मुख्याध्यापकांच्या दारासमोर पेटी टांगली तर चिठ्ठी टाकील कोण? ती पाण्याच्या टाकीकडे, लहानग्यांचा हात पोहोचेल अशी असावी. नावाची सक्ती नको. पहिलीच्या मुलाने मोडक्या खिडकीचे चित्र काढून टाकले तरी चालावे. आणि पुढे काय झाले ते फळ्यावर लिहावे: 'गज बसवला', नाहीतर 'पैसे मागितले आहेत'. उत्तर न मिळालेले मूल दुसरी चिठ्ठी टाकीत नाही. रेशनच्या दुकानात आपण तरी दुसऱ्यांदा तक्रार करतो का? कुणी अंगाला हात लावल्याची गोष्ट मात्र फळ्यावर नको. ती लगेच पोलिसांना, किंवा १०९८ या फोनवर.

पेटी उघडताना आपल्यातली एकजण समोर हवी. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. आपण सहीपुरत्या जातो, चहा घेऊन परततो, हे बरे नाही. २०१९ च्या ऑगस्टात गोदावरीचे पाणी गावात शिरले, त्यानंतर भिंतींची ओल काय करते हे आपल्याला घरच्या भिंतींवरून ठाऊक आहे. समितीत बसून ते बोलायला शिक्षण लागत नाही.

मंडळाच्या कपाटात जुनी देणगीपेटी रिकामी पडली आहे. तिचे कुलूप चांगले आहे. ती शाळेला द्यावी असे मी सुचवते. माझ्याबरोबर समितीच्या सभेला येणाऱ्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत.