लेखणी पुन्हा उचलतांना



शाळेंत ३५ वर्षें मीं मुलांना एकच उपदेश केला : प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. निवृत्तीनंतर मुलुंडच्या घरीं संगणकापुढें बसून तोच उपदेश मीं स्वतः मोडला आणि त्याची किंमत भरली. ती हकीकत, आणि तींतून हातीं आलेली ७ ओळींची एक युक्ति, आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. लिनक्सची ओळख मला पवईच्या आय. आय. टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमानें करून दिली. त्याचे पाठ मराठींतूनहि ऐकावयास मिळतात. या यंत्रांत आपल्या आज्ञा ऐकून घेणारा जो कारभारी असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. स्टीफन बॉर्न यांचें शेल १९७९ मध्यें युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आलें. ब्रायन फॉक्स यांनीं त्याच घाटणीचें ‘बॅश’ १९८९ मध्यें प्रसिद्ध केलें. तेंच मी वापरतों. लिहिण्यासाठीं माझा एडिटर म्हणजे ‘विम’. हॉलंडच्या ब्राम मूलेनार यांनीं तो १९९१ मध्यें बाहेर काढला आणि २०२३ मध्यें निवर्तेपर्यंत त्याची निगा राखली. साधन आवडलें तर युगांडांतील मुलांना मदत करा, एवढेंच त्यांचें मागणें असे.

माझी थोरली बहीण अक्का पुण्यास असे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें, तेव्हां ती चौदा वर्षांची होती आणि मी कडेवरचा. मला घेऊन ती घराबाहेर कशी पडली, हें ती मला टेलिफोनवर सांगे आणि मी तें टिपून घेई.

एके संध्याकाळीं लिहितां लिहितां कंट्रोल आणि झेड या दोन कळा चुकून एकदम दाबल्या गेल्या. एडिटर पडद्यावरून नाहींसा झाला. मला वाटलें, तो बंद झाला. वस्तुतः या कळांनीं काम संपत नाहीं, थांबतें. शेल त्याला बाजूस बसवून ठेवतें. मीं तीच फाइल दुसऱ्यानें उघडली. विम फाइल उघडतो तेव्हां तिच्या शेजारीं एक ‘स्वॅप’ फाइल ठेवतो. उंबऱ्याबाहेरच्या जोड्यांवरून आंत पाहुणा असल्याचें कळावें, तशी ती खूण. ती पाहून त्यानें मला बजावलें कीं, हें लेखन अगोदरच उघडलेलें दिसतें. मीं तें न वाचतांच ‘तरीहि उघड’ या अर्थाची कळ दाबली.

पुढें तीन संध्याकाळ लिहिलें. संगणक मी बंद करीत नाहीं, निजवून ठेवतों. त्यामुळें पहिला एडिटर तसाच तिष्ठत राहिला. चौथ्या दिवशीं शेलचा निरोप घेतांना ‘थांबलेलीं कामें आहेत’ असें त्यानें सांगितलें. मीं तें काम पुढें आणलें आणि समोरचें पान जुनें आहे हें न पाहतांच जतन करण्याची आज्ञा दिली. ‘वाचल्यानंतर फाइल बदलली आहे, खरोखर लिहूं काय?’ असें विमनें विचारलें. मीं ‘होय’ म्हटलें. तीन संध्याकाळींचें लेखन पुसलें गेलें. त्यांत अक्कानें सांगितलेली ती सकाळ होती. पुन्हा विचारीन म्हणतां म्हणतां राहून गेलें, आणि त्याच वर्षीं अक्का गेली.

यंत्रानें मला दोनदां विचारलें होतें. दोष यंत्राचा नव्हे.

हें ऐकून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मला एक ‘फंक्शन’ लिहून दिलें. फंक्शन म्हणजे अनेक आज्ञांना मिळून दिलेलें एक नांव. मीं त्याचें नांव ‘लेखणी’ ठेविलें. तें नांव टंकलें कीं शेल ‘जॉब्ज’ या आज्ञेनें थांबलेल्या कामांची यादी पाहतें. तींत विम असेल तर ‘एफ-जी’ या आज्ञेनें त्यालाच पुढें बोलावतें. नसेल तरच नवा सुरू करतें. हें फंक्शन ‘बॅश-आर-सी’ या फाइलींत लिहून ठेविलें म्हणजे प्रत्येक नव्या खिडकींतील शेल तें आरंभींच वाचून घेतें.

यासाठीं वेगळी स्क्रिप्ट कां चालत नाहीं, असें मीं विचारलें. तो म्हणाला, “गुरुजी, स्क्रिप्ट दुसऱ्या शेलमध्यें चालते, आणि थांबलेल्या कामांची नोंद ज्याच्या त्याच्या वहींत असते. फंक्शन मात्र तुमच्याच शेलमध्यें चालतें, म्हणून त्याला ती वही दिसते.” त्यांतच त्याची मर्यादाहि आली : दुसऱ्या खिडकींत थांबलेला एडिटर या लेखणीस दिसत नाहीं. ‘ईमॅक्स’ वापरणारांची सोय याहून व्यापक आहे. २००९ च्या २३ व्या आवृत्तीपासून तो पडद्यामागें जागा राहूं शकतो. ‘ईमॅक्स-क्लायंट’ त्याचें दार ठोठावतो, आणि तशी सूचना दिलेली असल्यास, आंत कोणी नसलें तर त्याला जागें करून पुन्हा ठोठावतो.

अक्काच्या आठवणींपैकीं जें उरलें, तें मी आतां लेखणीनें उघडून लिहितों, आणि रोज त्याची एक नक्कल वेगळ्या ठिकाणीं ठेवतों. आपल्याहि घरीं कोणी वडील माणूस जुन्या गोष्टी सांगत असेल, तर त्या आजच टिपून घ्या. नवें पान उघडण्यापूर्वीं जुनें कोठें उघडें राहिलें आहे काय तें पाहा, आणि यंत्र कांहीं विचारील तर तें वाचल्यावांचून ‘होय’ म्हणूं नका.