समुद्र पाहण्याची रजा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘समुद्रकाठच्या सुट्टीचा बेत’ असे सांगितले. आम्ही थट्टा करीत आहोत, असे त्यांना वाटले. कामगार संघटनेच्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे. समुद्रावर काय बोलावे? त्यात श्रोते अनसिंगचे. वाशीम-पुसद रस्त्यावरचे हे गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस यांत येथील वर्ष उगवते आणि मावळते. समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरांच्या पलीकडे.

पण थोडा विचार करा. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि वऱ्हाडातला कापूस त्या मार्गाने मुंबई बंदरात व तेथून जहाजाने विलायतेस जाऊ लागला. म्हणजे आपल्या कापसाने दीडशे वर्षांपूर्वीच समुद्र पाहिला. तो वेचणाऱ्या बाईने मात्र अजून पाहिलेला नाही. या सभेत अशा किती भगिनी असतील, याचा ज्याने त्याने आपल्या घरापुरता हिशेब करावा. आजचे आमचे बोलणे या हिशेबाविषयी आहे.

सुट्टी ही कोणी दिलेली बक्षिसी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. जोतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, त्याचे श्रेय या मंडळींना आहे.

पण एका रविवारात माणूस झोप काढतो, दाढी करतो, बाजार करतो. समुद्र एका रविवारात होत नाही. त्यासाठी सलग चार-सहा दिवस लागतात, आणि त्या दिवसांची मजुरी बुडता कामा नये. हे जगाने ओळखले ते १९३६ मध्ये. त्या वर्षी फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि लेऑं ब्लूम यांच्या सरकारने प्रत्येक कामगाराला वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. लेओ लाग्रांज या तरुण मंत्र्याने कामगारांसाठी रेल्वेचे तिकीट चाळीस टक्के स्वस्त करविले. त्या देशाचा दक्षिण किनारा म्हणजे स्वच्छ ऊन, नीस आणि कानसारखी शहरे, समोर लहानमोठी बेटे. तोवर ती श्रीमंतांची जागा. त्या उन्हाळ्यात सायकलींवरून आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून हजारो कामकरी कुटुंबे किनाऱ्यांवर उतरली आणि त्यांतल्या पुष्कळांनी समुद्र प्रथमच पाहिला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. नव्या कामगार संहितेने ती २४० दिवसांची अट १८० वर आणली आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कायदा आहे, पण कागदावरची रजा आणि अंगी लागलेली रजा यांत फार अंतर असते.

येथे आम्हांला आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दाळ मिलमध्ये कराराची बोलणी चालली होती. मागण्यांच्या यादीत आम्ही जादा पगारी रजेचे चार दिवस घातले होते. अर्थात सर्वांत शेवटी. मालक म्हणाले, “रजेचे सोडा, महिन्याला थोडे पैसे वाढवून देतो.” आम्ही क्षणभरही विचार न करता ते मान्य केले आणि बाहेर येऊन जिंकल्याची घोषणा केली. हक्काच्या रजेचेही पैसे घ्यावेत, असाच त्या काळी आमचा सल्ला असे. पुढे त्या मिलमधला एक जुना हमाल निवृत्त झाला. त्याच्या निरोपाला आम्ही गेलो. तो हसत हसत म्हणाला, “भाऊ, रजेचे पैसे त्याच दिवाळीत संपले. दिवस मात्र परत आले नाहीत. मंडळीला एकदा समुद्र दाखवीन म्हणत होतो. ती गेली.” त्याने आम्हांला दोष दिला नाही, म्हणून ते बोलणे अधिक लागले. त्या दिवसापासून आमच्या यादीत रजा खाली राहिली नाही.

पुढे आम्ही आठ कुटुंबांची भिशी काढली. पाळी लागेल त्याने पैसे उचलावेत, हा नेहमीचा नियम मोडून, वर्ष संपेपर्यंत कोणी हात लावावयाचा नाही असे ठरविले. त्या पैशांतून सर्वांनी मिळून समुद्र पाहिला. त्या अनुभवावरून जो बेत सुचतो, तो आता सांगतो.

प्रथम काळ. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात पाऊस आणि खवळलेला समुद्र. किल्ल्यांच्या होड्या बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. ज्यांच्या हाती दिवाळीची किंवा नाताळाची रजा आहे, त्यांनी ती घ्यावी. पण शेतकऱ्याची दिवाळी सोयाबीनच्या मळणीत आणि कापसाच्या वेचणीत जाते. त्याला हरभरा-गहू घरी आल्यावर, मार्चच्या अखेरीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंतच सवड. तेव्हा कोकणात घामाच्या धारा लागतात, हे खरे. परंतु वाशीमच्या उन्हात राहिलेल्या माणसाने त्याला भिऊ नये. सकाळी फिरावे, दुपारी सावलीत पडावे, संध्याकाळी वाळूवर बसावे.

दुसरे, पैसा आणि वाट. एस.टी.च्या गाड्यांत मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे म्हाताऱ्या आईला घरी ठेवण्यास खर्चाची सबब उरत नाही. वाशीमहून अकोला गाठावे आणि रात्रीच्या रेल्वेने सकाळी मुंबईत उतरावे. आरक्षण आधी करावे. आयत्या वेळी निघणाऱ्याची सुट्टी डब्याच्या दारातच संपते. आठ-दहा कुटुंबे असतील, तर एस.टी. प्रासंगिक करारावर पूर्ण गाडीही देते. मात्र चालकाच्या झोपेचा हिशेब आधी करावा. तोही कामगारच आहे, आणि आपले प्राण त्याच्या डोळ्यांत आहेत.

तिसरे, कोठे जावयाचे. कोकणचा किनारा सातशे किलोमीटरांहून लांब. तो एका खेपेत पाहू म्हणणारा माणूस गाडीची खिडकीच पाहून येतो. सहा दिवसांत शहरे, बेटे आणि वाळू तिन्ही मिळावीत, एवढाच बेत करा.

पहिले दोन दिवस मुंबई. ही मुंबई मुळात सात बेटांची. मधली खाजणे भरून भरून ती एक झाली. गेटवेहून लाँचने तासाभरात घारापुरीला जाता येते. लेण्यांतील त्रिमूर्ती सुमारे वीस फूट उंच आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे विसरू नका. त्या बेटावर तीन वस्त्या आहेत. समोर मुंबईचा झगमगाट रोज दिसत असूनही तेथे समुद्राखालच्या तारेने वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. मूर्तीबरोबर मुलांना हेही दाखवा. आणि गिरणगावातून एक चक्कर मारा. १९८२ च्या संपात अडीच लाख कामगार उतरले होते, ते या भागातून. आज तेथे काचेच्या इमारती उभ्या आहेत. मधूनच एखादी जुनी चिमणी अजून दिसते.

तिसऱ्या दिवशी लाँचने मांडवा आणि तेथून अलिबाग. समोर पाण्यात कुलाबा किल्ला. पूर्ण ओहोटीला तेथे चालत जाता येते. अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी यंत्रे बिघडतील, म्हणून ती १९०४ मध्ये कुलाब्याहून तेथे आणली. पुढचे दोन दिवस मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. खाऱ्या पाण्याच्या मधोमध, किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव आहेत. सहावा दिवस परतीचा.

ज्यांच्याजवळ आणखी तीन-चार दिवस असतील, त्यांनी कोकण रेल्वेने मालवणला जावे आणि कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहावा. त्याचे काम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू करविले. २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत महाराजांच्या परंपरेतले बारा किल्ले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्रातले व समुद्रकाठचे आहेत. १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या या रेल्वेसाठी मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस या समाजवादी नेत्यांनी खटपट केली. बोगद्यांतून जाताना, ते खोदताना जे कामगार गेले त्यांची आठवण ठेवा. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे.

चौथी गोष्ट भरती-ओहोटीची. हिच्यात आपल्या लोकांचा घात होतो, कारण आपल्याला तळे ठाऊक, विहीर ठाऊक, समुद्र ठाऊक नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. १७ जुलै १९४७ रोजी भर पावसाळ्यात मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हा किनाऱ्यावरच्या माणसाने ‘नको’ म्हटले की नको. होडीत जाकीट घातल्याशिवाय बसू नये. कोळी लोकांचा एक ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. त्या दिवशी सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठे. आपल्या घरात तिथी ठाऊक असतेच. आजवर ती उपासाला उपयोगी पडली, आता जीव वाचवायला पडू द्या. तरीही पाण्यात उतरण्यापूर्वी तेथील माणसाला विचारावे ते विचारावेच.

पाचवी गोष्ट तेथील माणसांची. होडीवाला, खानावळीतली बाई, खोली झाडणारा पोरगा, हे सारे आपल्या सुट्टीत कामावर असतात. भाव आधी विचारा, पटला तर घ्या. पण घामाच्या पैशावर घासाघीस करण्यात मर्दुमकी नाही. आपण बाजार समितीत मालाच्या भावासाठी भांडतो. तोच माणूस किनाऱ्यावर गेल्यावर मासळीवालीशी दहा रुपयांसाठी का भांडतो, याचे उत्तर आम्हांला मिळालेले नाही. १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते. कोळ्याची सुट्टी ती. घरात कमाई नाही अशी सुट्टी. सुट्टी आणि बेकारी यांतला फरक पाहावयाचा असेल, तर तो तेथे दिसतो.

आणि हाच फरक आपल्या गावातही आहे. नोकरदाराला रजा आहे, कारखान्यातल्या कामगाराला कायदा आहे. पण सालदाराला काय आहे? पाडव्याला त्याचे साल ठरते. धान्य ठरते, पैसे ठरतात. सुट्टीचा शब्द निघत नाही. बैलाला आपण वर्षातून एकदा पोळा देतो. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवीत नाही, त्याला पुरणपोळी चारतो. हे आपल्या वाडवडिलांचे मोठेपण. पण बैलाला मान आणि बैल राखणाऱ्याला रजा नाही, हे त्या मोठेपणाला शोभत नाही. आमची मागणी मोठी नाही. येत्या पाडव्याला साल ठरविताना सहा दिवसांची भरपगारी रजा सलग ठरवा, आणि ती चारचौघांसमोर लिहून ठेवा. रोजमजुरी करणाऱ्या बायांना कोणाशी साल ठरविता येत नाही. त्यांच्या बचत गटांनी आमच्यासारखी वर्षभराची भिशी काढावी, आणि ज्यांच्या शेतावर त्या राबतात, त्यांनी तीत आपली भर घालावी. कायदा येईल तेव्हा येईल. लोखंड्यांचा रविवारही आधी करार होता.

आमच्या त्या आठ कुटुंबांत एक म्हातारी होती. सारे आयुष्य दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपणात गेलेले. मुरूडच्या किनाऱ्यावर ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहिली, ओंजळीत पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि म्हणाली, “एवढं पाणी, अन् वावराच्या काहीच कामाचं नाही!” आम्ही सारे हसलो. ती मात्र हसली नाही. पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि मग म्हणाली, “तरी पण पाहाले पाहिजे होतं बापा, अगोदरच.”

तिच्या त्या ‘अगोदरच’ या शब्दासाठी आज येथे उभे राहिलो. आता आपली रजा घेतो. अर्थात ती पगारी नाही.