धंद्यातील जोखीम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाने मसाल्याचा उद्योग काढावा की नाही, यावर गेल्या दोन सभांत बराच वाद झाला. "नुकसान आले तर?" असे काहीजणी विचारतात, "धाडस केल्यावाचून काही होते का?" असे इतरजणी म्हणतात. पण नुकसान किती रुपयांचे आणि ते सोसायचे कोणी, हे मात्र अजून कोणी विचारले नाही.

लिज्जत पापडाची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो; आज ती हिशेबाच्या नजरेने पाहू. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणी पापड लाटावयास बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पाकिटे झाली चार! सारे बुडाले असते, तरी एकेकीच्या वाट्यास साडेअकरा रुपयांहून कमीच आले असते. त्या काळी गृहिणीला तेही थोडे नव्हते. पण कोणाचे घर उघडे पडले नसते. तोटा आला तरी देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे त्यांनी आरंभीच ठरविले होते.

अडचणी आल्याच. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. पुढल्या वर्षी त्यांनी एक बाज आणि एक स्टोव्ह घेतला. बाजेवर पापड, खाली स्टोव्ह. धाडसाचा खरा लाभ मला इथे दिसतो. घरात बसून कितीही चर्चा केली असती, तरी ही बाज कोणाला सुचली नसती. पुढे १९६१ साली मालाडची शाखा फसली. १९७९ मध्ये चामड्याच्या वस्तू व काड्यापेट्या करून पाहिल्या, त्याही साधल्या नाहीत. पापड मात्र चालूच राहिले.

आता दुसरी बाजू. त्या सातजणींनी काम चार महिने थांबविले, ते थांबविता आले म्हणून. मोठे कर्ज काढले की तशी सवड नाही. हप्त्याला पावसाळा कळत नाही. दागिना बाईचा, कर्जाच्या कागदावर सहीही तिची, आणि धंद्याची वही मात्र तिने कधी पाहिलेली नाही, अशी घरे आपल्या ओळखीची आहेत. याला मी धाडस म्हणणार नाही. दुसऱ्याने तिच्या जिवावर खेळलेला तो जुगार आहे.

म्हणून माझी सूचना अशी : पहिल्या खेपेस कर्ज नको. जिला जेवढे गेले तरी चालेल, तेवढेच तिने घालावे. जिला काहीच घालणे शक्य नाही तिने निवडण्या-भाजण्याचे काम करून रोजची मजुरी घ्यावी, आणि तिला कोणी कमी लेखू नये. अन्नपदार्थ विकण्यास सरकारी नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी. आणि दोघीजणी मध्येच निघून गेल्या तर त्यांचा वाटा कोणी उचलायचा, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. फाल्गुनात मिरची बाजारात येईल, त्याच्या आत हे पान लिहून झाले पाहिजे.