कोरड्या जमिनीवरचं तारू



आपल्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. गोदावरी उत्तरेच्या सीमेवरून जाते. सिंदफणा, बिंदुसरा आतून वाहतात, पण वर्षातले कितीतरी महिने त्या चपला हातात घेऊन ओलांडता येतात. अशा मुलखातला माणूस आज तुमच्याशी एका जहाजाविषयी बोलणार आहे. ख्रिस्ती बांधव त्याला नोहाचं तारू म्हणतात. आमच्या घरात ती नूह अलैहिस्सलामांची कश्ती.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, ही कथा येते. माणसांचा दुष्टपणा वाढला, तेव्हा देवानं जलप्रलय आणायचं ठरवलं आणि नोहा नावाच्या सज्जनाला तारू बांधायला सांगितलं. मापंही दिली. लांबी 300 हात, रुंदी 50 हात, उंची 30 हात. हात दीड फुटाचा धरला तर साडेचारशे फूट लांब झालं. तीन मजले, एक दार, आतून-बाहेरून डांबराचा लेप. आत माणसं फक्त आठ: नोहा, त्याची बायको, तीन मुलगे आणि तीन सुना. बाकी सगळे पशुपक्षी, जोडीजोडीनं. चाळीस दिवस, चाळीस रात्री पाऊस पडला.

या वर्णनात सुकाणूचा उल्लेख नाही. शीड नाही, वल्हं नाही. मूळ हिब्रू शब्द आहे ‘तेबा’, म्हणजे पेटी. बायबलमध्ये हा शब्द आणखी एकाच ठिकाणी येतो. तान्ह्या मोशेला त्याच्या आईनं ज्या लव्हाळ्याच्या पेटीत ठेवून नदीकाठी सोडलं, तिथं. म्हणजे हे जहाज कुठं जाण्यासाठी नव्हतंच. पाणी ओसरेपर्यंत आतला जीव जगवायचा, एवढंच त्याचं काम.

मराठी बायबलकारांनी यासाठी ‘तारू’ हा शब्द निवडला. मला तो फार आवडतो. त्यात तरणं आहे आणि तारणंही आहे. भवसागराची भाषा आपल्या संतांनी घराघरांत रुजवलेली असल्यामुळे वारकऱ्याच्या कानालाही तो परका वाटत नाही. तसं पाहिलं तर ख्रिस्ती कथा मराठीत यायला चारशे वर्षं होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आला, आपली भाषा शिकला आणि त्यानं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. 1616 मध्ये ते छापलं गेलं. सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंतची कथा त्यानं ज्ञानोबांच्या ओवीत सांगितली. धर्म दुरून आला, पण बसला तो आपल्याच जात्यावरच्या छंदात.

मी ही कथा पहिल्यांदा दादीच्या तोंडून दखनीत ऐकली. कुराणातली कथा थोडी वेगळी आहे. तिथं प्रलयाची खूण म्हणून तंदुरातून पाणी उसळतं. दादी हे सांगायची तेव्हा आम्ही पोरं चुलीकडं बघायचो. ज्या जागी विस्तव असायचा तिथूनच पाणी! कश्ती टेकते ती जूदी पर्वतावर. आणि कुराणात नूहचा एक मुलगा कश्तीत येत नाही. बाप हाक मारतो, ये बाळा, आमच्याबरोबर बस. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, तो मला वाचवील. बापलेकांचं बोलणं चालू असतानाच मध्ये लाट येते. दादी इथं थांबायची, पदरानं डोळे पुसायची. जग वाचलं, पण एका बापाचं घर अर्धंच वाचलं.

ही कथा कुणा एका धर्माची नाही. आपल्याकडे मनूला मासा सावध करतो. मनू नाव बांधतो आणि ती माशाच्या शिंगाला दोरीनं बांधतो. ‘शतपथ ब्राह्मणा’त ही कथा आहे. बाबिलोनच्या मातीच्या विटांवरही अशीच कथा कोरलेली आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज स्मिथनं ती 1872 मध्ये वाचली, तेव्हा युरोप थक्क झाला. त्याच म्युझियमच्या आयर्विंग फिंकेल यांनी 2014 मध्ये आणखी एक जुनी वीट वाचून प्रसिद्ध केली. तिच्यातली नाव चक्क गोल आहे. मला गुळाची काहील आठवली. पुराच्या वेळी खेड्यांतल्या माणसांनी काहिलीत बसून नदी ओलांडल्याचं आपण ऐकलेलं आहेच.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नूह कश्ती बांधत असताना जाणारे-येणारे मोठे लोक त्याला हसत, असं कुराण सांगतं. का हसत? कथा सांगणारे म्हणतात, पाण्याचा पत्ता नाही आणि हा जहाज बांधतोय! पण तारू कोरड्यातच बांधावं लागतं. लाट आल्यावर सुतार शोधून उपयोग नाही. बीडजवळची खजाना बावडी निजामशाहीच्या काळात ज्यांनी बांधली, त्यांनी पुढच्या पिढ्यांसाठी कोरड्या जमिनीत एक तारूच बांधलं. आपण मात्र घशाशी आल्यावर जागे होतो. 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2025 च्या सप्टेंबरात उलटं झालं. अतिवृष्टीनं मराठवाड्यात हाहाकार उडाला. आपल्या जिल्ह्यातही पुरानं वेढलेल्या माणसांना बोटीतून, काही ठिकाणी तर हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. दुष्काळ काय, पूर काय, तयारी आधी लागते.

आणि आपल्याकडे दरवर्षी एक तारू निघतंच की! दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या ट्रॅक्टरची ट्रॉली गावातून निघते ती पाहा. पिठाचं पोतं, भांडी, शेळी, कोंबड्या, पदराखालचं लेकरू आणि नवरा-बायको. इथंही जोडीजोडीनंच. जोडीला म्हणतात एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून चढावंच लागतं. मग चार-पाच महिने साखर कारखान्याजवळच्या कोपीत संसार. या तारवाला सुकाणू नाही, आणि आतल्यांच्या हाती वल्हंही नाही. मागं गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली पोरं. अशा पोरांसाठी हंगामी वसतिगृहं सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण ट्रॉली गेल्यावर दोन महिन्यांनी वसतिगृहाचं दार उघडलं, तर ते तारू काय कामाचं?

नोहाच्या कथेत शेवटी कबुतर जैतुनाचं पान चोचीत घेऊन येतं. जमीन वर आली, आता उतरा, असा तो निरोप. ट्रॉलीत चढणाऱ्या जोडीलाही कधीतरी असा निरोप मिळायला हवा, की गावात पाणी आहे, काम आहे, उतरा आता. तो कबुतर आणणार नाही. तो आपण, इथं मागं राहिलेल्यांनी पाठवायचा आहे. दुष्काळाच्या दिवसांत खोदलेल्या तळ्यातून, वेळेवर उघडलेल्या वसतिगृहातून, गावातच मिळालेल्या कामातून.

नूहनं मुलाला शेवटच्या क्षणापर्यंत हाक मारली. आपण निदान पहिली हाक तरी वेळेवर मारू या.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)