नोव्हेंबरची पहिली तारीख



आश्विनाचे दिवस सरत येतात, घरोघरी भाजणीचा वास सुटू लागतो, आणि नेमक्या त्याच सुमारास आपल्याकडील काही घरांतून बारावीत शिकणारा एखादा मुलगा किंवा मुलगी फराळाच्या गडबडीपासून अलिप्त राहून, एकच निबंध दहा वेळा खोडून अकराव्यांदा लिहीत बसलेली आढळते. अमेरिकेतील अत्यंत निवडक अशा विद्यापीठांत पदवीच्या अभ्यासक्रमासाठी आगाऊ अर्ज करावयाची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर रोजी संपते. वहीत पाच-दहा संस्थांची नावे लिहून झालेली असली, तरी आगाऊ अर्ज करावयाचा तो सामान्यतः एकाच ठिकाणी. आणि ते ठिकाण कोणते असावे, हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या पालकांनी विचारला आहे की, त्याविषयी जाहीरपणे चार शब्द बोलणे मी माझे कर्तव्य समजतो.

सर्वसाधारण क्रमाने अर्ज जानेवारीच्या प्रारंभी दाखल होतात, निकाल मार्चअखेरीस लागतो, आणि कोठे जावयाचे हे कळविण्यास १ मेपर्यंत अवकाश मिळतो. आगाऊ अर्जाचा निकाल डिसेंबरच्या मध्यासच हाती येतो. परंतु या आगाऊ अर्जातही दोन प्रकार आहेत. ‘अर्ली डिसिजन’ या नावाच्या प्रकारात विद्यार्थी, त्याचे पालक आणि शाळेतील मार्गदर्शक अशा तिघांच्या सह्यांनिशी लिहून दिले जाते की, प्रवेश मंजूर झाल्यास विद्यार्थी तेथेच जाईल आणि अन्यत्र केलेले सर्व अर्ज मागे घेईल. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांची रीत ही आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन व स्टॅनफर्ड असे बंधन घालीत नाहीत. मात्र त्यांच्याकडे आगाऊ अर्ज करणाऱ्याने त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठाकडे आगाऊ अर्ज करू नये, एवढी त्यांची अट असते.

आता, बहुतेकांचा निर्णय ज्या मोहाने होतो त्याविषयी. डिसेंबर २०२३मध्ये हार्वर्डने आगाऊ आलेल्या ७,९२१ अर्जदारांपैकी ६९२ जणांना प्रवेश दिला, आणि त्या संपूर्ण वर्षात ५४,००८ अर्जदारांपैकी १,९३७ जणांना. म्हणजे पहिले प्रमाण शेकडा नवाच्या आसपास, तर दुसरे शेकडा चाराहूनही कमी. ही दोन प्रमाणे शेजारी मांडून पाहणाऱ्या पालकाला वाटते की, केवळ दोन महिने आधी अर्ज केल्याने आपल्या मुलाचे नशीब दुप्पट झाले. परंतु त्या ६९२ जणांत क्रीडाशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुले असतात, आणि ज्यांची तयारी ऑगस्टमध्येच पूर्ण झालेली असते असे, उत्तम शाळांतील, कोणत्याही ऋतूत निवडले गेले असते असे विद्यार्थीही असतात. आपल्या मुलाची तुलना त्या सर्वांच्या सरासरीशी करणे म्हणजे पुराच्या पाण्यात आपल्या विहिरीची खोली मोजणे होय.

तरीही हा लाभ सर्वस्वी खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘दि अर्ली अॅडमिशन्स गेम’ या ग्रंथात एव्हरी, फेअरबँक्स व झेकहाउझर यांनी अर्जदारांच्या गुणवत्तेतील फरक जमेस धरूनही असा निष्कर्ष काढला की, आगाऊ अर्ज करणाऱ्याला एसएटी परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या बरोबरीचा फायदा होतो. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. जो विद्यार्थी निश्चितपणे येणार आहे, त्याची जागा, त्याची खोली, त्याची फी हे सारे संस्थेला डिसेंबरातच हिशेबात धरता येते; निश्चिततेचे मोल संस्था प्रवेशाच्या रूपाने चुकते करते. परंतु हे मोल घेण्यासाठी विद्यार्थ्याला आपले स्वातंत्र्य द्यावे लागते, आणि ते देणे सर्वांना सारखे परवडत नाही. आगाऊ अर्जाची पद्धत सुस्थितीतील घरांना अनुकूल आहे, असे सांगून हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी २००६ साली ती बंद करण्याची घोषणा केली होती. २०११ साली दोघांनीही ती पुन्हा सुरू केली.

येथे मला एका जुन्या करारनाम्याची आठवण होते. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचे त्यांनी लिहून दिले होते. अट जड होती खरी. पण दरमहा किती रक्कम मिळणार, हे सही करण्यापूर्वी ठाऊक होते. आजच्या आपल्या विद्यार्थ्याकडून सही आधी घेतली जाते आणि साहाय्याचा आकडा प्रवेशाबरोबर कळतो. साहाय्य अपुरे असल्यास वचनातून मुक्त होता येते हे खरे. परंतु चार संस्थांचे देकार समोर ठेवून त्यांची तुलना करण्याची, एकाचा दाखला देऊन दुसऱ्याकडे अधिक मागण्याची संधी हातची जाते. त्यातच परदेशी विद्यार्थ्याने साहाय्य मागितले तर प्रवेशाचा निर्णय करताना ती मागणी विचारात घेणारी विद्यापीठे पुष्कळ आहेत; हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी ती विचारात न घेणारी मोजकीच. म्हणून ज्या घरात फीचा प्रश्न आहे, तेथे ‘कोठे संधी अधिक’ याआधी ‘कोठे सही करणे भाग आहे’ हा प्रश्न विचारला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गेल्या वर्षी साताऱ्याकडील एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीला भूविज्ञान शिकावयाचे होते, आणि केवळ प्रवेशाची टक्केवारी पाहून तिने बंधनकारक अर्जाचे एक विद्यापीठ निश्चित केले होते. तेथे काय शिकवितात हे मी विचारल्यावर ती गप्प राहिली, आणि मग दोन आठवडे तिने निरनिराळ्या विभागांचे अभ्यासक्रम वाचण्यात घालविले. समुद्रतळ पसरत जातो हा सिद्धान्त १९६२ साली मांडणारे हॅरी हेस प्रिन्स्टनचे. आणि ज्या काळ्या कातळावर तिचे गाव वसले आहे, त्या दख्खनच्या लाव्हाचे सूक्ष्म कालमापन करून डायनोसॉरांच्या विनाशाशी त्याचा संबंध तपासणाऱ्यांतही प्रिन्स्टनचेच भूवैज्ञानिक, हे तिला त्या वाचनातून कळले. “बाबा, ते आपल्या घाटातले दगड घेऊन गेले होते,” असे ती वडिलांना म्हणाली, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. वडिलांनी घराचा जमाखर्च काढला, साहाय्याचा रकाना प्रामाणिकपणे भरला, आणि जेथे निवड झाल्यासही १ मेपर्यंत विचार करण्यास मोकळीक होती, अशा त्या विद्यापीठाकडे अर्ज गेला.

डिसेंबरात तेथून नकार आला. आठ दिवस ती फारशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने आपली वही उघडली आणि जानेवारीच्या सात अर्जांसाठी सात विभागांचे अभ्यासक्रम पुन्हा वाचावयास घेतले. त्या वेळी टक्केवारीचा कागद वहीत नव्हता.